वेल्ह्याच्या वाडीवरची शाळा आणि शंभरातील ब्याऐंशी मुले

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक साधा हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक शंभर मुलांपैकी फक्त अठरा मुले चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात, हा तो हिशेब. मूल शाळेत आले म्हणजे सरकारचे काम संपले असे नाही, ते कायमचे साक्षर होऊनच शाळेबाहेर पडले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. पाण्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. आठ दिवस आधीचा शाळेचा हिशेब मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

आज तो हिशेब पुन्हा काढण्याची वेळ आली आहे आणि तो काढण्यासाठी पुणे जिल्ह्यातील वेल्हे तालुक्याइतकी योग्य जागा नाही. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये या तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. नावाला आमचा विरोध नाही. पण राजगड आणि तोरणा या दोन गडांच्या पायथ्याशी वाड्या-वस्त्यांवर राहणाऱ्या लेकरांच्या शाळेचे काय होणार, हा प्रश्न नाव बदलल्याने सुटत नाही.

२१ सप्टेंबर २०२३ रोजी राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने एक परिपत्रक काढले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभ्या करण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. नमुना म्हणून दोन ठिकाणांची नावे दिली होती. एक नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि दुसरे वेल्हे तालुक्यातील पानशेत. म्हणजे वेल्ह्याच्या खोऱ्यात झालेला प्रयोग सगळ्या महाराष्ट्राला लावायचा, असा हा बेत होता. त्या वेळी दिलेल्या आकडेवारीनुसार राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा होत्या, त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ मुले शिकत होती आणि २९ हजार ७०७ शिक्षक होते. भागाकार केला तर एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. कागदावर पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हे परवडत नाही. यापूर्वी २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १ हजार ३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झालाच होता. ही लाट एकट्या महाराष्ट्राची नाही. राजस्थानने २०१४ मध्ये सुमारे १७ हजार शाळा एकमेकींत विलीन केल्या आणि २०२५ मध्ये उत्तर प्रदेशाने पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा जोडायला घेतल्या.

समूह शाळेच्या बाजूने जे सांगितले जाते ते सगळेच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. चार-पाच मुलांच्या शाळेत कबड्डीचा संघ होत नाही, वर्गात स्पर्धा नसते, सोबत्यांकडून शिकणे होत नाही, मूल बुजरे राहते, हे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. शिक्षण म्हणजे नुसते पाढे आणि धडे नव्हेत, चार माणसांत उभे राहून बोलता येणे हेही शिक्षण आहे. बहुजनांच्या मुलांना तर त्याची गरज अधिक. मग आक्षेप कशाला? आक्षेप एवढाच की, सरकारने सहा वर्षांचे मूल आणि चौदा वर्षांचे मूल एकाच काट्यावर तोलले आहे. पहिलीच्या मुलाची गरज वेगळी, पाचवीच्या मुलाची वेगळी, आठवीच्या मुलीची आणखी वेगळी. हा फरक न पाहता सगळ्यांसाठी एकच उपाय काढला की तो सर्वांत दुबळ्याच्या मुळावर येतो.

मुळात वाडीवरच्या शाळेचा पट घटला कसा? मुले काही हवेत विरली नाहीत. ज्यांच्या घरात चार पैसे आले त्यांनी मुलांना नसरापूर, खेड शिवापूर किंवा थेट पुण्याला इंग्रजी शाळेत घातले. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेले आपली पोरे बरोबर घेऊन गेले. कित्येक जमिनी फार्महाऊसवाल्यांच्या नावावर गेल्या. उरले कोण? ज्यांना कुठेच जाता आले नाही ते. कातकऱ्यांची मुले, धनगरवाड्यावरची मुले, बौद्धवाडीतील भूमिहीनाची मुले, मोलमजुरी करणाऱ्या विधवा बाईची मुले. म्हणजे कमी पटाची शाळा ही त्या गावातील सर्वांत गरिबांची शाळा झाली आहे. ती बंद केल्याने धनदांडग्यांच्या मुलांचे काहीच बिघडत नाही, कारण ती तेथे नाहीतच. पट मोजणाऱ्यांनी पटावर नावे कोणाची आहेत हेही एकदा वाचावे.

आता वेल्ह्याचा भूगोल पाहा. २०११ च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या आत होती. एवढी माणसे आंबी, मोसे, कानंदी, गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांत आणि सह्याद्रीच्या धारेवर विखुरलेली. पानशेत आणि वरसगाव ही धरणे याच तालुक्यातली. पुणे शहराच्या नळाला येणारे पाणी येथल्या बुडालेल्या शेतांवरून येते. धरण झाल्यावर समोरासमोरची गावे पाण्याने तुटली. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, पण तेथे जायला जलाशयाला वळसा घालावा लागतो. पावसाळ्यात ओढे भरले की वाडीचा रस्ताच नाहीसा होतो. अशा मुलखात शाळा दोन किलोमीटरवर आहे की पाच, हे नकाशावर पट्टी ठेवून ठरत नाही. महाबळेश्वरच्या डोंगरापलीकडे, सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात खिरखंडी गावच्या मुली कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाला दखल घ्यावी लागेपर्यंत शिक्षण खात्याला त्या मुली दिसल्या नव्हत्या काय?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि राज्याच्या नियमावलीने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. ही दोन वेगवेगळी अंतरे का ठेवली? लहान मुलाची शाळा घराजवळ हवी आणि थोडे मोठे मूल थोडे लांब जाऊ शकते, एवढे शहाणपण त्या नियमात आहे. आम्ही तेच शहाणपण पुढे नेऊन इयत्तावार बोलू इच्छितो.

पहिली आणि दुसरी. सहा वर्षांचे मूल घर सोडून पहिल्यांदा बाहेर पडते. कातकरी मुलाच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीपासून लांब असते. त्याला आपल्या बोलीत कोणीतरी बोलणारे हवे, रडू आले तर घर जवळ हवे, गुरुजींना त्याची आई ओळखीची हवी. या वयाच्या मुलाला सकाळी गाडीत घालून दहा-बारा किलोमीटरवर पाठवले, की पहिल्या पावसात आई त्याला घरी ठेवणार. एकदा महिनाभर घरी राहिलेले मूल पुन्हा शाळेत रमत नाही. कातकरी समाज केंद्र सरकारच्याच यादीत विशेष दुर्बल आदिवासी गट आहे. त्याच्या मुलाची शाळा लांब नेणे म्हणजे त्याचे नाव हळूच पटावरून पुसणे होय.

पट कमी म्हणून शिकवणे वाईट, हा समजही तपासला पाहिजे. बारा मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलाला रोज वाचायला लावता येते, प्रत्येकाची वही तपासता येते. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, मुलांना जमिनीवर गटात बसवून, हाताने करायला लावून शिकवण्याचे काम केले आणि २०१५ च्या सुमारास राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. तेथे चमत्कार कसला नव्हता, शिक्षकांनी मुलाकडे लक्ष दिले होते. एका खोलीत दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवण्याची एक विद्या आहे. ती शिक्षकांना नीट शिकवली जात नाही आणि दोष मात्र शाळेच्या आकाराला दिला जातो. २०२१ च्या 'निपुण भारत' योजनेने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले. मग पहिलीची शाळाच वाडीवरून उचलून हे उद्दिष्ट कसे गाठणार?

चौथी-पाचवीचा उंबरठा. वाडीवरची शाळा बहुधा चौथीपर्यंत किंवा पाचवीपर्यंत. तेथे पहिली गळती होते. धाकट्या भावंडाला सांभाळायला, गुरांमागे जायला या वयाची मुलगी हाताशी येते. १९९२ साली सरकारने दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला, दिवसाला एक रुपया. मग वर्षानुवर्षे तो रुपयाच राहिला. एका रुपयात आज काय येते हे मंत्रालयातील साहेबांना कोणी विचारायचे? या टप्प्यावर मुलाला हवे असते ते पुढच्या शाळेशी आधीच झालेले नाते. चौथीच्या मुलांना वर्षातून चार-सहा वेळा मोठ्या शाळेत खेळाला, विज्ञानाच्या प्रयोगांना, स्नेहसंमेलनाला नेले, तर पाचवीत पाऊल टाकताना ती बुजणार नाहीत.

सहावी ते आठवी. येथे मात्र समूह शाळेचा विचार गंभीरपणे करावा असे आमचे मत आहे. गणित, विज्ञान, इंग्रजी या विषयांना स्वतंत्र शिक्षक हवा, प्रयोगाचे साहित्य हवे, ग्रंथालय हवे, खेळायला संघ हवा. हे पाच मुलांच्या शाळेत होणे कठीण. परंतु सरकारने काय केले? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असेल तर शिक्षकाचे पदच मंजूर न करण्याचा निकष लावला. शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे आधी चांगली शाळा, गाडी आणि वसतिगृह द्यायचे आणि मग जुनी शाळा हलवायची, हा क्रम सोडून आधी शिक्षक काढायचा आणि मुलांनी वाट शोधायची! दहा-पंधरा मुलांच्या डोंगरी शाळेला हा निकष म्हणजे फाशीच.

याच वयात मुलगी मोठी होते. शाळेत पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह नसेल तर महिन्यातले चार दिवस तिची शाळा बुडते, रस्ता निर्जन असेल तर बाप तिला पाठवत नाही. ग्रामीण भागातील मुलींना एसटीचा मोफत पास देण्याची अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना चांगली आहे. पण ज्या गावाला शाळेच्या वेळेवर एसटीच येत नाही, तेथे तो पास दप्तरात ठेवून करायचा काय?

नववी-दहावी. या वयात मुलगा हॉटेलात, फार्महाऊसवर, शिरवळच्या कारखान्यात कामाला जाऊ शकतो आणि मुलीला स्थळे येऊ लागतात. घरची अडचण आणि शाळेची ओढ यांची येथे झुंज असते. आठवीत आर्थिक दुर्बल घटकांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. डोंगरातल्या किती पालकांना या परीक्षेचे नाव माहीत आहे? अर्ज भरून घेणारा, तयारी करून घेणारा, जातीच्या दाखल्यासाठी आणि बँकेच्या खात्यासाठी बरोबर हेलपाटे घालणारा कोणी असेल तरच ते पैसे मुलापर्यंत येतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे, परंतु ती लागू होते अकरावीपासून. दहावीच्या आत गळालेल्या मुलाला तिचा काय उपयोग? ब्याऐंशी मुले वाटेतच गळाली, तर उरलेल्या अठरांसाठी योजनांची रांग लावून समाज वर येत नाही.

आता सामाजिक बाजू. समूह शाळेत मुले एकत्र येतील आणि त्यांचे सामाजिकीकरण होईल, असे सांगितले जाते. एकत्र बसवले की झाले सामाजिकीकरण? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा दाखल झाला. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत पट कमी नव्हता, मुले पुष्कळ होती. तरी त्या मुलाला घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. गर्दीत असूनही तो एकटा होता. तेव्हा, वर्गात चाळीस मुले असणे आणि मुलाला सोबती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वाड्यांची मुले एका शाळेत आल्यावर पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, वर्गाचा मॉनिटर कोण होतो, कातकरी मुलाला हाक कशी मारली जाते, यावर शिक्षकाचे लक्ष नसेल तर मोठी शाळा ही त्या मुलासाठी मोठी शिक्षाच ठरेल.

एकत्र आणण्याचे खरे काम कसे करतात हे याच मुलखाने दाखवून दिले आहे. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. तेथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह सुरू केले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली, एकत्र कामाला लागली. त्याआधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा वसतिगृह हे तिचे पहिल्या कामांपैकी एक होते. या थोर पुरुषांनी शिक्षणाची वाट लांबची असेल तर वाटेवर मुक्कामाची सोय केली. त्यांनी आधी शाळा बंद करून मग मुलांना चालायला सांगितले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातसुद्धा शाळा संकुलाची कल्पना आहे. एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातील अंगणवाड्या व लहान शाळा यांचा एक गट करायचा. चित्रकलेचा, खेळाचा, विज्ञानाचा शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांचा सर्वांनी मिळून उपयोग करायचा. यात शिक्षकाने मुलांकडे जायचे आहे. गाडी ठेवायचीच असेल तर विषय शिक्षकाला आठवड्यातून दोन दिवस वाडीवर पोचवायला ठेवा ना!

म्हणून वेल्हे आणि भोरच्या डोंगरी भागासाठी आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली ते चौथीची शाळा पट कितीही असो, वाडीवरच राहिली पाहिजे आणि तेथे बहुवर्ग अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेला कायम शिक्षक पाहिजे. पाचवीपासून पुढे मुले मोठ्या शाळेत न्यायची असतील तर आधी मोफत वाहनाची लेखी हमी, गाडीत एक महिला मदतनीस आणि पावसाळ्यात रस्ता तुटला तर काय करायचे याची सोय हवी. ज्या वर्षी गाडीचे पैसे थकतील त्या वर्षी मुलांनी घरी बसायचे काय, याचे उत्तर आदेशातच लिहिलेले असले पाहिजे. आठवीपासून मुलींसाठी खोऱ्यातच वसतिगृह हवे. आणि शाळा हलवल्यानंतर जुन्या पटावरील एकेक मूल नव्या पटावर आहे की नाही, याचा इयत्तावार हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवला गेला पाहिजे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मागितला तो हाच हिशेब.

पण सरकारकडे मागण्या करून आपली जबाबदारी संपत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत, दुर्बल घटकांनाही त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व आहे. या समितीत आपली किती माणसे खरोखर बोलतात आणि किती जण नुसता अंगठा-सही करून येतात? शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत लेखी ठराव मांडून इतिवृत्तात नोंद करून घ्या. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या, आरक्षणाने नोकरीत गेलेल्या बांधवांनी आपल्या गावच्या शाळेचा पट एकदा मागवून पाहावा. मोठ्या शहरांत महापरिनिर्वाण दिनी हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन आणण्याची मोहीम आपल्या तरुणांनी चालवली, ती स्तुत्य आहे. तिच्या पुढची पायरी म्हणून १४ एप्रिलच्या डीजेच्या पैशातून बुद्धविहारात एक अभ्यासिका चालवता येणार नाही काय? संध्याकाळी दोन तास दिवा, एक फळा, आणि पदवीपर्यंत शिकलेला वस्तीतलाच एखादा तरुण किंवा तरुणी. तेथे कातकरी आणि धनगराच्या मुलांनाही आपल्या मुलांइतकेच अगत्याने बोलवा. आठवीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज तेथेच भरा आणि पाचवीत जाणाऱ्या मुलीच्या घरी दोन बाया जाऊन तिच्या आईशी बोला.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. चवदार तळ्याच्या पाण्यावर सर्वांचा हक्क आहे हे तेथे सिद्ध झाले. शाळेवरचा हक्कही तसाच आहे आणि वाडीवर बारा मुले उरली म्हणून तो कमी होत नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा आपल्या वाडीतून पहिलीत किती गेली, पाचवीत किती पोचली, आठवीत किती उरली आणि दहावीला किती बसली, हे चार आकडे प्रत्येक वस्तीने स्वतः लिहून काढावेत. मधल्या कोणत्या इयत्तेत आपले मूल गळाले हे कळले, की कोणत्या कार्यालयाच्या दारात जाऊन बसायचे हेही कळेल.